टिकलीवरचा ठोका

१

मॅव्हिस प्रुएट रोज संध्याकाळी सहा वाजता मक्याचा पाव भट्टीतून बाहेर काढायची आणि त्यासाठी तिला घड्याळ लागत नसे. नवरा घरी आला की मागच्या दाराजवळच्या बाकावर बसून कमरेचं पिस्तूल रिकामं करायचा. आधी मुठीतलं काडतुसांचं मॅगझिन निघाल्याचा घसरता आवाज, मग नळीवरची स्लाइड मागे ओढल्याची कडक खर्र आणि शेवटी आतलं काडतूस त्याच्या तळहातात पडल्याचं टप्प. तिसऱ्या आवाजाला ती भट्टीचं दार उघडायची. अकरा वर्षांत पाव एकदाही करपला नव्हता.

लॉयड प्रुएट एकसष्ट वर्षांचा होता. टेनेसीच्या डोंगरातल्या कोल्टर्स गॅप या गावात त्याने तीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले आणि कुणाशी गोड बोलून त्यातलं एक वर्षही वाया घालवलं नाही. वस्तूने आपलं काम करावं, नाही तर भंगारात जावं, हे त्याचं वस्तूंबद्दलचं मत होतं आणि माणसांबद्दलचंही. अकरा वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर एका झिंगलेल्या माणसाने त्याला धरून बदडलं होतं. तेव्हा त्याचं जुनं पिस्तूल ऐन वेळी अडकलं आणि समोरचे दोन दात गेले. दात बसवून मिळाले. गावातली माणसं महिनाभर हसली, ते काही त्याच्या मनातून गेलं नाही.

नवं पिस्तूल मात्र कधी चुकलं नव्हतं. त्याची तो बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवी. नळीतलं काडतूस रोज काढून रोज भरलं की आपटून आपटून त्याचं टोक आत दबतं आणि दबलेलं काडतूस घात करतं. म्हणून प्रत्येक वेळी तो काडतुसाच्या बुडाला मार्करने एक ठिपका द्यायचा आणि दोन ठिपके झाले की ते सरावाच्या डब्यात टाकायचा. बुडाच्या मधोमध टिकली असते, दिवाळीत पोरं उडवतात त्या टिकलीची थोरली बहीण. तिच्यावर पिन आपटली की बार उडतो.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी तिन्ही आवाज झाले, मॅव्हिसने पाव बाहेर काढला, पण त्यानंतर पिस्तुलाची तिजोरी बंद झाल्याची रोजची बीप काही ऐकू आली नाही. ती हात पुसत मागच्या दाराशी आली. लॉयड खिडकीच्या उजेडात एक काडतूस धरून बसला होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. जेवायला वाढ."

काडतुसाच्या टिकलीवर खड्डा होता. उथळ, मसुराच्या डाळीएवढाही नाही, पण अगदी मधोमध. स्लाइड ओढण्याआधी पिस्तुलाचा चापही मागे पडलेला होता. याचा अर्थ चाप ओढला गेला होता, पिन टिकलीवर आपटली होती, पण हलकी आपटली आणि बार उडाला नाही. एकदा तसं झालं की स्लाइड पुन्हा ओढेपर्यंत ते पिस्तूल म्हणजे लोखंडाचा ठोकळा. सकाळी सातपासून ते कमरेच्या होल्स्टरच्या, म्हणजे म्यानाच्या, बाहेर आलं नव्हतं, असं त्याला पक्कं आठवत होतं.

लॉयडला घाम फुटला. आपण आज किती तास कमरेला ठोकळा लावून गावभर हिंडलो, याचा.

२

बंदुका दुरुस्त करणारा डेल्मर स्टँपर त्याचा एकुलता एक मित्र होता, तोही लॉयड त्याला फार बोलू देत नसे म्हणून टिकलेला. घरामागच्या गॅरेजात त्याचं दुकान होतं आणि त्याच्या मागे टेकडीत खणलेली नेमबाजीची जागा. डेल्मरने पिस्तूल खोललं, पुसलं, जोडलं, आणि मातीच्या भिंतीवर पन्नास गोळ्या झाडल्या. पन्नासच्या पन्नास उडाल्या. मग त्याने खड्डा पडलेलं ते काडतूस भरून झाडलं, तेही उडालं.

"मास्तर," डेल्मर म्हणाला. लॉयड शनिवारी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा वर्ग घ्यायचा, म्हणून मास्तर. "तुझ्या पिस्तुलाला काही झालेलं नाही. तुला काहीतरी झालंय."

"टिकलीवरचा खड्डा मला झालेला नाही."

"स्प्रिंग दमली असेल. रोज संध्याकाळी रिकाम्या पिस्तुलाचा चाप शंभरदा ओढत बसतोस. अकरा वर्षांचा हिशेब कर. माझी बायको असती तर पळून गेली असती."

"तुझी गेलीच की."

डेल्मर हसला नाही. "कडक स्प्रिंग मागवतो. आठवडा लागेल. तोवर दुसरं पिस्तूल लाव."

"दुसऱ्यावर माझा भरवसा नाही."

"म्हणजे चुकलेल्यावर आहे?"

लॉयडने पिस्तूल भरलं, होल्स्टरमध्ये बसवलं आणि सैल शर्ट वरून ओढून घेतला. आवाज होईपर्यंत दाबायचं, हात बाजूला करायचा, मग शर्ट सोडायचा. ही पद्धत तो दर शनिवारी शिकवत असे.

३

वर्ग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरायचा. लोखंडी खुर्च्या, कॉफीचं पातेलं, वीसेक माणसं. लॉयडची तीन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, पिस्तुलाने नको तेव्हा उडायचं नाही आणि हवं तेव्हा उडायलाच पाहिजे. दुसरं, पोलिसाने गाडी थांबवली तर दोन्ही हात त्याला दिसतील असे समोर ठेवायचे आणि ठेवूनच बोलायचं. तिसरं वाक्य तो फळ्यावर लिहायचा: ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याने प्रत्येक भांडण हरायचं असतं.

"प्रत्येक," तो खडू आपटून म्हणायचा. "पार्किंगच्या जागेवरून असो की बायकोशी. 'तुझं खरं' म्हणायचं आणि निघायचं. हे ज्याला जमत नसेल त्याने कुत्रा पाळावा."

लोक हसायचे. लॉयडला स्वतःला हे कधी जमलं नव्हतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि वर्गात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या शनिवारी एक बाई बोलली. रुग्णालयात परिचारिका होती, चाळिशीची, शांत. "तुम्ही मंगळवारी हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीवर ओरडत होतात," ती म्हणाली. "एका खिळ्यांच्या डब्यावरून. मी मागेच उभी होते. ते भांडण तुम्ही हरलात असं मला वाटलं नाही."

कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. लॉयडच्या कानशिलांत रक्त चढलं. तो तिच्या टेबलाशी गेला आणि बोटं टेकवून उभा राहिला. "बाई, तुम्ही इथे शिकायला आला आहात की—"

ती ऐकत नव्हती. तिची नजर खाली, त्याच्या उजव्या कमरेवर गेली होती आणि तिथेच अडकली होती. चेहऱ्यावरचं रक्त कसं ओसरतं हे लॉयडने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिने पर्स उचलली, खुर्चीला अडखळली, आणि भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेली.

पिस्तूल दिसलं, लॉयडच्या मनात आलं. शर्टातून त्याचा आकार उठून दिसला. लपवून बाळगणाऱ्याची याहून मोठी नामुष्की नाही आणि तीही मास्तराची. त्याने खाली पाहिलं. शर्ट सरळ होता.

संध्याकाळी बाकावर त्याच्या तळहातात दुसरं काडतूस पडलं. खड्डा होता, चाप मागे होता. त्याने दोन नंबर मोठे शर्ट मागवले.

४

रविवारी चर्चनंतर मुलगी जोलीन, तिचा नवरा ट्रेंट आणि आठ महिन्यांची नात जेवायला आली. चॉप्स होते, शेंगा होत्या, लॉयडने सकाळीच मळलेली पावासारखी मऊ बिस्किटं होती. नात म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून त्याचे खोटे दात ओढत होती आणि तो ते ओढू देत होता. या घरात त्याच्याकडून काही घ्यायचं धाडस फक्त तिच्यात होतं. मॅव्हिसला वाटलं, आजचा दिवस नीट जाईल.

जेवणानंतर ट्रेंटने व्हरांड्यात विषय काढला. नॅशव्हिलला काम मिळतंय, अडीचशे मैल दूर.

"माझी मुलगी कुठे जाणार नाही," लॉयड म्हणाला.

"सर, ती तुमची मुलगी आहेच. पण निर्णय आम्ही दोघांनी—"

"दोघांनी? तुला अजून स्वतःच्या गाडीचं तेल बदलता येत नाही."

ट्रेंट तसा मऊ माणूस. पण मऊ माणसालाही पाठीचा कणा असतो आणि तो लेकरू झाल्यावर दिसतो. तो उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प झाला. त्याची नजर सासऱ्याच्या उजव्या कमरेवर होती. मॅव्हिस दाराच्या जाळीआड उभी होती. तिला लॉयडची फक्त डावी बाजू दिसत होती.

"जोलीन," ट्रेंट बारीक आवाजात म्हणाला, "बाळाला घे. गाडीत बस. आत्ता."

ॲपल पाय तसाच टेबलावर राहिला.

संध्याकाळी तिसरं काडतूस आलं. मॅव्हिस बाकाशी उभी राहून बघत होती. लॉयडने तिला खड्डा दाखवला, स्प्रिंगचं सांगितलं, हलका ठोका म्हणजे काय ते समजावलं. त्याने ते फार छान समजावलं, तो शिक्षक चांगला होता.

"समजलं," मॅव्हिस म्हणाली. "पिन हलकी बसली. पण चाप कुणी ओढला?"

लॉयडने तिच्याकडे पाहिलं.

"मला बंदुकीतलं कळत नाही," ती म्हणाली. "मी आपलं विचारलं. मंगळवारी तू त्या मुलीला रडवलंस, शनिवारी त्या नर्सला, आज ट्रेंटला. तिन्ही दिवशी हे झालं. एरवी नाही."

"योगायोग."

"बरं. पण चाप कुणी ओढला?"

५

तो प्रश्न त्याला आधी पडला नव्हता, हे त्याला कबूल करवेना. तीस वर्षं ब्रेक तपासलेला माणूस, बस का थांबली नाही हे शोधत बसला आणि बस चालवत कोण होतं हे विचारायलाच विसरला.

त्याने तर्क लढवले. शर्टाचं टोक होल्स्टरमध्ये शिरून चापात अडकत असेल. पण होल्स्टर कडक प्लास्टिकचं होतं, चाप पूर्ण झाकणारं, आणि शर्टाला कुठे डाग ना सुरकुती. मग आपणच, रागाच्या भरात, भान नसताना? पिस्तूल काढायला शर्ट वर करावा लागतो, पकड घ्यावी लागते, ओढावं लागतं. एवढं सगळं वीस माणसांसमोर केलं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. ती परिचारिका ओरडली नव्हती. ट्रेंटही नाही. त्यांनी फक्त पाहिलं होतं.

सोमवारी त्याने निळी चिकटपट्टी घेतली. होल्स्टरच्या काठावरून पिस्तुलाच्या मुठीवर एक तुकडा आडवा चिकटवला आणि त्यावर पेनाने आपली आद्याक्षरं लिहिली. पट्टी न फाडता पिस्तूल निघणं शक्य नव्हतं.

सोमवार शांत गेला. मंगळवारी दाताच्या दवाखान्यात त्याला चाळीस मिनिटं बसवून ठेवलं आणि खिडकीतल्या बाईशी त्याचं जोरात वाजलं. बोलताना त्याने मुद्दाम दोन्ही हात तिच्या काउंटरवर ठेवले. स्वतःचे हात स्वतःच्या डोळ्यांसमोर. त्यांच्याकडेच बघत तो भांडला. ती मध्येच उठली आणि आत निघून गेली, आणि आतून दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

घरी येऊन त्याने बाकावर बसून शर्ट वर केला. पट्टी होती. फाटलेली नाही, सैलही नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि मग अक्षरं वाचली. ती उलटी होती.

आपणच उलटी चिकटवली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. सकाळची घाई. मान वाकवून लिहिताना असं होतं. त्याने पट्टी सोलली. तिचा चिकटपणा गेला होता, एकदा काढून कुणीतरी काळजीपूर्वक अंगठ्याने परत बसवल्यासारखा.

चौथ्या काडतुसाचा खड्डा आधीच्या तीनहून किंचित खोल होता. स्वयंपाकघरात मॅव्हिस भांडी लावत होती. तिला त्याने पट्टीबद्दल काही सांगितलं नाही, आणि मंगळवार शांत गेला असं सांगितलं.

६

गुरुवारी सकाळी डेल्मरचा फोन आला की स्प्रिंग आली.

"नको बसवू," मॅव्हिस म्हणाली.

"काय?"

"नको बसवू, लॉयड. पिस्तूल तिजोरीत ठेव. महिनाभर ठेव." ती कपबशी धरून उभी होती, पण पीत नव्हती. "मी दवाखान्यात फोन केला, तुझी पुढची वेळ विचारायला. ती बाई म्हणाली, तुम्ही त्यांना आणू नका. का, तर सांगेना. नुसती रडायला लागली."

"त्या दवाखान्यात कामापेक्षा रडणंच जास्त."

"माझं ऐक. तुझा मंगळवार शांत गेला नव्हता. चार वेळा कुणीतरी चाप ओढला आणि चार वेळा ते पिस्तूल नाही म्हणालं. आपल्या घरात अक्कल असेल तर त्या लोखंडात आहे. आणि तू त्याला कडक स्प्रिंग बसवायला निघालास."

"जे पिस्तूल हवं तेव्हा उडत नाही—"

"कुणाला हवं तेव्हा?"

बत्तीस वर्षांच्या संसारात काही भांडणं आवाज चढवून होतात आणि काही आवाज उतरवून. हे दुसऱ्या जातीचं होतं. लॉयड तिच्याशी रागाने बोलला नाही, शिकवल्यासारखा बोलला, ते जास्त वाईट. म्हणाला की पेट्रोल पंपावर तू नव्हतीस. म्हणाला की जगात दोन प्रकारची माणसं असतात आणि ज्यांच्या वस्तू चालतात ती घरी परत येतात. बोलताना तो अजून पायजम्यात होता, पिस्तूल तिजोरीत होतं, आणि मॅव्हिस पूर्ण वेळ त्याच्या रिकाम्या कमरेकडे बघत होती.

तो आंघोळीला गेल्यावर ती मागच्या दाराशी गेली. बाकाखालच्या खणात वर्गासाठी बनवलेली खोटी काडतुसं होती, दारू नसलेली, टिकलीतही जीव नसलेली. लॉयड ती खऱ्यांत मिसळून विद्यार्थ्यांना द्यायचा, चाप ओढताना कोण दचकतं ते कळावं म्हणून. दिसायला अगदी खऱ्यासारखी. फरक एवढाच की ओळखण्यासाठी त्याने त्यांच्या बुडांना लाल रंग लावला होता, आणि तो रंग म्हणजे मॅव्हिसचं जुनं नेलपॉलिश होतं.

नेलपॉलिश काढायचं औषध तिच्या कपाटात होतं, आणि लॉयडचं भरलेलं मॅगझिन त्याच खणात होतं.

७

डेल्मरने वीस मिनिटांत स्प्रिंग बदलली, स्वतःची दहा काडतुसं झाडून पाहिली, आणि पिस्तूल परत देताना म्हणाला, "आता दगडाची टिकली असली तरी फुटेल. मास्तर, बायकोशी सलोखा आहे ना?"

"तुला काय करायचंय?"

"तिने फोन केला होता. स्प्रिंग हरवली म्हणून सांग, म्हणाली."

लॉयडने घरून आणलेलं मॅगझिन कमरेच्या पाकिटातून काढलं, थाडकन बसवलं, स्लाइड ओढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने मॅगझिनमधलं वरचं काडतूस डोळ्यांखालून घातलं नाही. रागाने त्याला दिसतच नव्हतं.

दुपारी चारला ट्रेंट उधार नेलेली शिडी परत द्यायला आला. त्याने ती गॅरेजला टेकवून लगेच निघायला हवं होतं. पण तो सज्जन होता, निरोप तोंडावर द्यावा असं त्याला शिकवलेलं होतं.

"सर, आम्ही शनिवारी निघतोय. जोलीनला सांगायला जमत नव्हतं म्हणून मी सांगतो."

"बाळाला नेणार?"

"बाळाला इथे ठेवून कसं जाणार, सर?"

पुढे काय काय बोललं गेलं ते लॉयडला नंतर धड आठवलं नाही. त्याला आठवली ती शिडी, तिच्या पायऱ्यांवरची मेपलची ओली पानं, आणि आपले दोन्ही हात, जे त्याने छातीवर घट्ट बांधले होते. काखेत दाबून. त्याने ते स्वतः पाहिले होते. आणि ट्रेंट, जो एक पाऊल मागे गेला, मग दुसरं, मग दोन्ही हात वर करून गाडीपर्यंत उलटा चालत गेला. त्याने हात कशासाठी वर केले, असं लॉयडला ओरडून विचारायचं होतं. गाडी निघून गेली. मघाशी आपल्याला एक बारीकसा आवाज ऐकू आला होता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. कट्ट. कमरेच्या बाजूने.

तो बाकावर जाऊन बसला. सहा वाजायला अजून खूप वेळ होता. मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, तळहातात काडतूस पडलं. स्वयंपाकघरात काहीच हाललं नाही. मॅव्हिस आवाज ऐकत उभी होती.

या वेळी टिकलीवरचा खड्डा खोल होता. सणसणीत, मधोमध, बूड आत दाबणारा. एवढ्या ठोक्याला बार उडाला नाही असं होऊच शकत नव्हतं. त्याने काडतूस कानाशी हलवलं. आत दारू सळसळत नव्हती. नाकाशी नेलं. त्याला नेलपॉलिशच्या औषधाचा वास आला.

८

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या एका हातात पिस्तूल होतं आणि दुसऱ्यात ते काडतूस. काडतूस त्याने टेबलावर उभं ठेवलं.

"हे तू केलंस."

"हो."

"मला मेलेलं पिस्तूल देऊन बाहेर पाठवलंस. मला."

"हो," मॅव्हिस म्हणाली. "आणि ते खड्डा पडलेलं बूड नीट बघ. ते ट्रेंट आहे, लॉयड. माझ्याकडे औषधाची बाटली नसती तर आपली नात आज बिनबापाची झाली असती. आता बस खाली आणि ते तिजोरीत टाक."

तिने हे न रडता, ठामपणे सांगितलं, आणि तेच त्याला सोसलं नाही. पेट्रोल पंपावरचं हसू पुन्हा ऐकू आलं, सगळ्या गावाचं, आणि त्यात आता बायकोचाही आवाज होता. त्याने वरच्या कपाटातून डबा काढला. खरी काडतुसं. मॅगझिनमधलं एकेक काडतूस काढून तपासलं, नवी भरली, तिच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक काडतुसाचं बूड तिला दाखवत. मॅगझिन बसवलं. स्लाइड ओढली. ती खर्र त्या लहानशा खोलीत फार मोठी वाटली. मग पिस्तूल होल्स्टरमध्ये दाबलं, हात बाजूला केला, शर्ट सोडला, सगळं पद्धतशीर.

"लॉयड, नको."

"चाप कुणी ओढला म्हणून विचारत होतीस ना? ये, बस समोर. बघ."

तो खुर्चीत बसला. दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले, बोटं पसरून. वर्गात शिकवायचा तसे.

"हे माझे हात. दिसतात? हा डावा. हा उजवा. मी रागावलोय, मॅव्हिस, आयुष्यात इतका कधी रागावलो नव्हतो, आणि हे बघ माझे हात. आता सांग, कुणी—"

मॅव्हिस समोर बसली नव्हती. भट्टीशी, त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. त्याच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत ती कधी या बाजूला नव्हती. रविवारी जाळीआड डाव्या बाजूला होती, जेवायला नेहमी डाव्या बाजूला बसायची. ती त्याच्या हातांकडे बघत नव्हती. तिची नजर खाली होती, खुर्चीच्या कडेला, आणि चेहऱ्यावरचं रक्त त्या परिचारिकेसारखंच ओसरत चाललं होतं.

"लॉयड," ती म्हणाली. आवाज लहान मुलाला झोपेतून न उठवता बोलावं तसा. "हलू नकोस. तिथे आणखी एक हात आहे. बाही तुझ्याच शर्टाची आहे."

टेबलावर त्याचे दोन हात होते. त्याने ते मोजले. उजव्या कुशीला, शर्टाच्या आत, कापडाला कापड घासल्याचा हलका आवाज झाला. कुणीतरी फार सवयीने शर्टाचं टोक वर केलं.

खाली बघायची त्याची हिंमत झाली नाही. त्याला भीती वाटली, पंपावर वाटली होती त्याहून कितीतरी जास्त, आणि तरी भीतीच्या खाली तो राग तसाच होता, धगधगत, विझत नव्हता. तो विझला की हे थांबेल, एवढं त्याला आता कळलं होतं. फक्त दोन शब्द म्हणायचे होते. ते तो अकरा वर्षं दर शनिवारी वीस माणसांना शिकवत आला होता, फळ्यावर खडू आपटून.

"मॅव्हिस," तो म्हणाला. "मॅव्हिस, तुझं..."

पुढचा शब्द जिभेवर आला आणि दातांशी अडला. बायको नळीत खोटं काडतूस भरते आणि वर आपणच तिला खरं म्हणायचं.

त्याच्या उजव्या कमरेवरचं वजन हलकं झालं.